गुरूचे चार चंद्र आणि माझा उजवा डोळा

डोंबिवली पूर्व,
रविवार, १ मार्च

तीर्थरूप तुळसाताईस,

धाकट्या रवींद्रचा साष्टांग नमस्कार. (कंबर आणि गुडघे यांचं संगनमत झाल्यापासून आठांतली पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन मनाने टेकवली आहेत असं समज.) इकडे आम्ही दोघं ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? पाठवलेलं तेल लावतेस की शिंक्यावर ठेवून त्याला नुसता नमस्कार करतेस? कलमांना मोहोर किती धरलाय? मध्येच उकडायला लागलं म्हणून गळला तर नाही ना? फोनवर हे सगळं विचारलं की तू ‘बरं आहे, तू कसा आहेस, ठेवते’ असं एका श्वासात म्हणतेस आणि खरोखरच ठेवतेस. म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. ओळी थोड्या उतारावरून चालल्यासारख्या दिसतील. त्याचं कारण पुढे येईलच.

मागच्या मे महिन्यात मी निवृत्त झालो हे तुला ठाऊक आहेच. चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात छटा तपासायचं काम केलं. दोन डब्यांतल्या पांढऱ्यात केसाएवढा फरक असला तरी मी डबा परत पाठवायचो. माझ्या नजरेचा असा दरारा होता, की मोठे साहेबसुद्धा मुलीच्या लग्नाचा शालू निवडायला मला बरोबर घेऊन गेले होते. (तुझ्या भावजयीने, म्हणजे शेवंतीने, मात्र आजवर एकदाही नेलेलं नाही. म्हणते, तुम्ही दुकानदाराला रडवता.) निरोप समारंभात शाल-श्रीफळाच्या जोडीला सगळ्यांनी मिळून मला एक दुर्बीण दिली. दोन्ही डोळ्यांना लावायची, गळ्यात अडकवायची, चांगली वजनदार. माझ्या जागी आलेल्या प्रशांतने भाषणात सांगितलं, की साहेबांनी आयुष्यभर जवळचं बारीक बघितलं, आता त्यांनी लांबचं मोठं बघावं. टाळ्या पडल्या. मलाही भरून आलं. घरी आल्यावर शेवंती म्हणाली, ‘आधी समोरची मीठदाणी बघायला शिका, मग लांबचं.’ तिचं बोलणं मी त्या वेळी नेहमीच्या खात्यात टाकलं.

दुर्बीण आली म्हणजे आकाश बघणं आलं. पाऊस संपला, दिवाळी झाली, फटाक्यांचा धूर बसला आणि मी रोज दिवेलागणीला गच्चीवर जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. तृतीयेची कोर आमच्या सी विंगच्या डोक्यावर अगदी टेकल्यासारखी दिसते, म्हणून मी तिकडे दुर्बीण लावली. आता कोरीच्या बरोब्बर खाली सातव्या मजल्यावरचे एक गृहस्थ बनियनवर उभे राहून दोरीवर चादर वाळत घालत होते, यात माझा काय दोष? त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं नाही (हे मी शपथेवर सांगतो, आणि आता तर ते पुराव्यानिशी सिद्धही झालं आहे). दुसऱ्या दिवशी तक्रार आली. ‘काही सभासद दुर्बिणीचा वापर आकाशाव्यतिरिक्त अन्य दिशांना करीत असल्याचे निदर्शनास आले आहे’ अशी नोटीस काढावी असं कमिटीत ठरलं. सोसायटीचा सेक्रेटरी मीच असल्यामुळे ती नोटीस मीच लिहिली, मीच खाली सही केली आणि मीच फळ्यावर लावली. लावताना मागे दोघं उभे होते. त्यांना ‘काय जमाना आलाय बघा’ असंही मीच म्हणालो.

पण त्या नोटिशीमुळे एक चांगली गोष्ट झाली. आमच्याच बी विंगमधल्या, खालच्या मजल्यावरच्या वैशालीबाई गच्चीवर आल्या. या ठाण्याला एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बारीक अंगाच्या, पण आवाज असा की चौथ्या बाकावरचा मुलगा अजूनही दचकेल. मला वाटलं, ह्या बाई भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, ‘आकाश बघणारा माणूस इतकी वर्षं माझ्या डोक्यावर राहतोय आणि मला पत्ता नाही!’ त्यांच्याकडे स्वतःची मोठी दुर्बीण निघाली. तिपाईवर उभी करायची, चांगली कमरेइतकी लांब नळी. घरात ती जुन्या नऊवारीखाली झाकून ठेवतात (पाहुण्यांना वाटतं शिलाई मशीन आहे). त्या दिवसापासून आमचं जमलं. मृगाचे चार पाय, पोटातला बाण, खाली व्याध, वर रोहिणी, तिच्या पलीकडे कृत्तिकांचा पुंजका, असं सगळं त्या बोट दाखवून सांगायच्या आणि मी ‘वा, वा’ म्हणायचो.

ताई, ‘वा’ म्हणायला दिसावं लागत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

खरी गोष्ट अशी की मला दुर्बिणीतून काही धड दिसत नव्हतं. चंद्र एकाचे दोन दिसत. ओल्या शाईवर कागद सरकावा तसा एकावर एक घसरलेला. ताऱ्यांना मिशा फुटलेल्या. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती गणपतीच्या मखराला असतं तसं प्रभामंडळ. मी पहिला दोष दिला नव्या टॉवरांच्या दिव्यांना. मग रस्त्याच्या कामाच्या धुळीला. मग दुर्बिणीच्या काचा चष्म्याच्या फडक्याने पुसल्या, मग शेवंतीच्या मऊ सुती साडीच्या तुकड्याने (साडी जुनी आहे असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला). शेवटी दोष दुर्बिणीतच आहे असा निकाल दिला आणि ती घेऊन कोपरीला गेलो. कारखान्यातल्या आमच्या लोकांनी ती तिथल्या दुकानातून आणली होती. शेवंतीही सोबत आली होती. दुकानदाराने दुर्बीण डोळ्याला लावली, दारात उभं राहून रस्त्यापलीकडची पाटी घडाघडा वाचून दाखवली आणि म्हणाला, ‘काका, एकदम झकास आहे.’ मी म्हटलं, पाटी वाचणं वेगळं आणि चंद्र बघणं वेगळं. बिचाऱ्याने बदलून दिली. पंधरा दिवसांनी मी तीही घेऊन गेलो. पुन्हा त्याने तीच पाटी वाचली, पुन्हा बदलून दिली. (ती पाटी डोळ्यांच्या दवाखान्याची होती, हे मला शेवंतीने पुढे सांगितलं. तेव्हाच का नाही बोललीस, असं विचारलं तर म्हणाली, ‘बोलून ऐकलं असतंत तर तुम्ही दुसरेच कोणी असता.’)

याच सुमारास आमच्या इमारतीला रंग लावायचं काम चालू होतं आणि त्यावर देखरेख अर्थातच माझी. दुसऱ्या कोणाची असणार? दगडू म्हणून रंगारी, विठ्ठलवाडीचा, कामाला वाघ. गच्चीचा कठडा आणि जिना पांढरा करायचा होता. त्याने केला. मी बघितलं, तर पिवळट. मी म्हटलं, ‘दगडू, मी या धंद्यात चौतीस वर्षं काढली. हा पांढरा नाही, हा हस्तिदंती.’ त्याने डबा दाखवला. मी डबाही पिवळट असल्याचं त्याला दाखवून दिलं. त्याने पुन्हा हात मारला. पुन्हा पिवळट. असे चार हात झाले, ताई. माणूस कसा आहे बघ, एकदाही उलट बोलला नाही. फक्त चौथ्या वेळी ब्रश डब्यावर आडवा ठेवून एवढंच म्हणाला, ‘साहेब, याच्याहून पांढरं माझ्याकडे फक्त दूध आहे.’

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी वैशालीबाईंनी गच्चीवर सगळ्या सोसायटीसाठी कार्यक्रम ठेवला. गुरू पूर्वेला छान वर आला होता. संध्याकाळी सात वाजता चाळीस-एक माणसं, पोरंबाळं, सातव्या मजल्यावरचे ते गृहस्थही (शर्ट घालून) हजर. बाईंनी मोठी दुर्बीण लावली आणि प्रास्ताविक मला करायला सांगितलं. मी महिनाभर वाचून तयारी केली होती. गुरूला पुष्कळ चंद्र आहेत, पण छोट्या दुर्बिणीतून चार दिसतात, एका ओळीत, मोत्यांसारखे, चारशे वर्षांपूर्वी असेच कोणी पाहिले आणि माणसाचं आकाशच बदललं, वगैरे. लोक ऐकत होते. शेवंती चक्क कौतुकाने बघत होती. (एवढ्या अंतरावरून मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण कौतुक असावं असं वाटलं.) मग पहिला मान मला. मी वाकलो, डोळा लावला. आत काय होतं सांगू? धुक्यात कोणीतरी कंदील घेऊन उभं असावं, एवढंच. मागे चाळीस माणसांची रांग. मी म्हटलं, ‘अहाहा! चारी दिसतायत!’

वैशालीबाईंनी विचारलं, ‘चार? कुठल्या बाजूला किती?’

मी ठोकून दिलं, ‘दोन इकडे, दोन तिकडे. अगदी समतोल.’

माझ्या मागून सी विंगचे गृहस्थ वाकले आणि म्हणाले, ‘मला तीनच दिसतायत. तिन्ही एकाच बाजूला.’ त्यांच्यानंतर त्यांची मुलगी. तीन. त्यांच्यानंतर आमच्या शेजारच्या आजी, वय वर्षं ब्याऐंशी. त्यांनीही बोटाने मोजून तीन सांगितले. चौथा त्या वेळी गुरूच्या मागे गेला होता, ताई! बाईंना हे आधीपासून माहीत होतं. वर्षातल्या सगळ्या दिवसांतला नेमका हाच दिवस त्याला लपायला सापडला. सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता जिन्यावरून नाही, कठड्यावरूनच खाली जावं.

वैशालीबाईंनी मात्र त्या क्षणी जे केलं ते मी विसरणार नाही. मोठ्या आवाजात म्हणाल्या, ‘पुस्तकात चारच आहेत, रवींद्ररावांचं बरोबर आहे. चला, पुढचे या.’ आणि रांग पुढे सरकली. सगळे गेल्यावर त्यांनी मला पुन्हा दुर्बिणीशी बोलावलं. ‘उजव्या डोळ्याने बघा.’ धुकं. ‘आता डाव्याने.’ ताई, डाव्याने एक ठिपका दिसला. मग हलका, पुसटसा दुसरा. त्यांनी विचारलं, ‘डोळे शेवटचे कधी तपासलेत?’ मला इतका राग आला म्हणून सांगू! या डोळ्यांवर चौतीस वर्षं कारखाना चालला आणि ही भूगोलाची बाई मला विचारते! मी तडक खाली आलो. दोन दिवस गच्चीवर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी शेवंतीने माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली, समोर बसली आणि शांतपणे एकेक सांगायला लागली. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती वर्षभर मला मोठ्याने वाचून दाखवते, ती गप्पांच्या ओघात नव्हे. कल्याणला तिच्या भाच्याच्या लग्नात मी शेजारच्या हॉलमधल्या नवरदेवाला मिठी मारून ‘मोठा झालास रे’ म्हणालो, ते तिने सावरून घेतलं होतं. रस्ता ओलांडताना ती माझा दंड धरते, तो प्रेमाने धरते असं मला वाटत होतं. ‘प्रेमानेच धरते,’ ती म्हणाली, ‘पण दुसरंही कारण आहे.’ आणि मग तिचे डोळे भरून आले. ते मला दिसलं नाही, आवाजावरून कळलं. तेव्हा मी म्हटलं, चल, जाऊ या दवाखान्यात.

डॉक्टर तरुण, हसतमुख. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा कोवळा, उजवा चांगलाच पिकलेला. त्यांनी विचारलं, ‘पांढरं पिवळसर दिसतं का?’ ताई, मी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटले. माझ्यासमोर कठड्याला चौथा हात मारणारा दगडू उभा राहिला. दवाखान्यातून आम्ही घरी न जाता थेट विठ्ठलवाडी गाठली. तो नुकताच कामावरून येऊन पाय धूत होता. मी हात जोडले आणि सगळं सांगितलं. तो जोरात हसेल असं वाटलं होतं. पण त्याने आधी आपल्या बायकोला हाक मारली आणि म्हणाला, ‘बघ, पांढराच होता!’ बिचारा दोन महिने घरी जाऊन, आपलाच डोळा गेला की काय, अशी चिंता करत होता. मग चहा झाला. निघताना म्हणाला, ‘साहेब, ऑपरेशन झालं की पहिले कठडा बघायला या. पण आता पाचवा हात मागू नका. कठडा फुगलाय.’

एवढं झाल्यावर वैशालीबाईंसमोर कोणत्या तोंडाने जाणार? पण मागच्या मंगळवारी, अष्टमीच्या संध्याकाळी, त्यांनीच निरोप धाडला. गेलो. त्यांनी मोठी दुर्बीण चंद्रावर लावून ठेवली होती. म्हणाल्या, ‘डावा डोळा. घाई नाही. श्वास सोडा आणि नुसते बघत राहा.’ बघत राहिलो. आधी नुसतं पांढरं. मग उजेड आणि काळोख यांच्यामधली ती रेघ दिसली. सरळ नव्हती. भाकरीचा तुकडा मोडल्यावर कड असते तशी. आणि रेघेच्या पलीकडे, अगदी काळ्याभोर भागात, एक ठिपका लख्ख पेटलेला. मी विचारलं, हा काय? बाई म्हणाल्या, ‘डोंगराचा माथा. तिथे आत्ता सूर्य उगवतोय. पायथ्याशी अजून रात्र आहे, माथ्यावर ऊन पोचलं.’ ताई, आपल्या दारातून समोरच्या डोंगरावर सकाळी पहिलं ऊन पडतं ना, अगदी तसं. मी एकसष्ट वर्षांचा माणूस, डोंबिवलीच्या गच्चीवर उभा राहून, दुसऱ्याच एका जगातली सकाळ होताना बघत होतो. तीही एका डोळ्याने, तोही अर्धा. खाली रिक्षांचे भोंगे, शेजारी कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. कितीतरी वेळ मी हललो नाही. नंतर बाईंनी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी त्यांचंही हेच झालं होतं. त्यांनीही सहा महिने टाळलं. पट्टी काढल्यावर काही दिवसांनी गच्चीवर आल्या, कृत्तिकांकडे साधी दुर्बीण लावली आणि मोजायचं सोडून रडत बसल्या. ‘इतके होते हो, इतके होते, आणि धुरकट आहे म्हणून मी आकाशाला नावं ठेवत होते.’

तर ताई, ऑपरेशन म्हणजे काहीच नसतं. थेंब टाकून डोळा बधिर करतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम, टाका नाही, दुखणं नाही, त्याच दिवशी घरी. पूर्वी आपल्या आबांच्या वेळी आठवडाभर उशीला डोकं लावून पडावं लागायचं, तो काळ गेला. डॉक्टर दिवसाला कितीतरी करतात. आधी एक डोळा, मग काही आठवड्यांनी दुसरा. मला कणभरही भीती वाटत नाही. मी इथे सगळ्यांना हेच सांगत असतो.

पत्र लांबलं. घरच्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना गोड आशीर्वाद, गुरांच्या पाठीवरून माझ्या वतीने एकदा हात फिरव. शेवंती नमस्कार सांगते.

तुझा,
रवींद्र

ता. क. : वर ‘कणभरही भीती वाटत नाही’ असं लिहिलं आहे, ते शेवंतीने खोडायला सांगितलं. पेनाने खोडलं की पत्र घाण दिसतं म्हणून इथे दुरुस्ती करतो. माझं ऑपरेशन परवाच्या गुरुवारी ठरलं होतं. थेंब घालून झाले, हिरवा डगला चढवून झाला, आणि नर्स ‘चला’ म्हणायला आली तेव्हा मी पोटात कळ आल्याचं सांगून डगल्यासकट रिक्षात बसलो. डगला शेवंतीने धुऊन परत नेऊन दिला. डॉक्टरांनी पाडव्यानंतरच्या सोमवारची नवी तारीख दिली आहे.

ता. क. दुसरा : डॉक्टरांकडे मी एक नव्हे, दोन नावं लिहून आलो आहे. दुसरं तुझं आहे. तुझ्या भावेशने मला फोनवर सगळं सांगितलं. अबोलीचा गजरा तू हल्ली चाचपून ओवतेस, तांदळातले खडे शेजारणीकडून निवडून घेतेस, आणि डोळ्यांचं नाव काढलं की लेकाला गोठ्यात काम सांगतेस. ताई, हे पत्र तू स्वतः वाचत असशील तर मी चुकलो, मला क्षमा कर. पण हे जर तुझ्या सुनेच्या, सोनलच्या, आवाजात तुझ्या कानावर पडत असेल, तर शिमग्याची पालखी घरी येऊन गेली, पाडव्याची गुढी उतरली की भावेशबरोबर इकडे ये. दोघं एकाच दिवशी जाऊ. मला खरंच एकट्याने जमत नाही गं. पहिला नंबर तुझा. वडील माणसाचा मान असतो. तू आत गेलीस की धाकट्याला बाहेरून पळता येणार नाही.

ता. क. तिसरा (हा फक्त सोनलसाठी) : सोनल, दुसरा ता. क. वाचताना सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या असतील. तू तिथे जाऊन पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाच. कान त्यांचे उत्तम आहेत.